कांस्यमूर्ती आणि मोटारीचा कर्ता

मोटार-उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांच्या संग्राह्य कांस्यमूर्तींचा विचार करताना एक अंतर्विरोध प्रथम लक्षात घ्यावा लागतो. अशा मूर्तीचे मोल तिच्या विरलतेवर ठरते. मोजक्याच प्रती ओतून त्यांवर क्रमांक घालण्याची प्रथा त्यामुळेच रूढ झाली. उलट हेन्री फोर्डची थोरवी विपुलतेत आहे. १९०८ ते १९२७ या काळात त्याच्या ‘टी’ नमुन्याच्या दीड कोटी मोटारी निघाल्या.

शिल्पदृष्ट्याही अडचण आहेच. वि. पां. करमरकर यांच्या पुण्यातील अश्वारूढ शिवपुतळ्यात (१९२८) अश्व आणि स्वार यांचा एकच आकृतिबंध होतो. पराक्रम देहाच्या तोलातूनच प्रकटतो. मोटारीच्या कर्त्याला हे साहाय्य नाही. लहान मूर्तीशेजारी मोटार ठेवली तर ती खेळणे भासते. वगळली तर उरतो कोट घातलेला कोणीही गृहस्थ.

तथापि एक नाते शिल्पकाराच्या हाती आहे. इंजिनाचा ठोकळाही साच्यात ओतूनच घडतो. भट्टीची ही खूण मूर्तीच्या अंगावर राखावी. गुळगुळीत झिलई ती पुसून टाकते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्या कारखान्याच्या मोटारी किकवीवरून जाणाऱ्या पुणे–सातारा रस्त्याने कित्येक दशके धावल्या. मुंबईतील ‘पद्मिनी’ टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्यांच्या कर्तृत्वाची साक्ष त्या झिजलेल्या लोखंडात होती. ओतकामाचे ते श्रम ज्या मूर्तीत दिसतील तीच स्मारक ठरेल; एरवी ती संग्राहकाची केवळ मालमत्ता होय.