फकिराची तलवार आणि हजेरीवरच्या बाया

'फकिरा'वर आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यातले पुष्कळसे वकिली थाटाचे आहे. फकिराने धान्य लुटले, पण ते भुकेल्यांसाठी. खजिना लुटला, पण तो परक्या सरकारचा. शस्त्र उचलले, पण स्वार्थासाठी नव्हे. हेतू शुद्ध, म्हणून नायक निर्दोष! अण्णाभाऊ साठे यांची ही कादंबरी १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून आपण हा खटला जिंकतच आलो आहोत. पण फकिराला आरोपीच्या पिंजऱ्यात मुळात उभे कोणी केले?

राहूत या वकिलीला पहिला धक्का बसला. भीमा आणि मुळा-मुठा यांच्यामधले हे बेट उसाचे आणि गुऱ्हाळांचे. १ ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, तिथल्या वस्तीत कादंबरीची शेवटची प्रकरणे वाचली. वाचन संपल्यावर, चुलवाणासमोर जन्म घालवलेली एक म्हातारी म्हणाली, "लुटीला जाताना त्यानं घरातल्या बायांना इचारलं व्हतं का?" पोरे हसली. मला हसू आले नाही, आणि उत्तरही देता आले नाही.

नायकाच्या हिंसेचा न्याय हेतूवरून करावा, हे तत्त्व पुणे जिल्ह्याला नवे नाही. जून १८९७ मध्ये पुण्यातल्या शिवाजी उत्सवात टिळकांनी अफझलखानाच्या वधाचे समर्थन केले ते याच आधारावर. फळाची आशा न धरता, स्वार्थाविना केलेल्या हत्येचे पाप लागत नाही, हा गीतेचा दाखला त्यांनी दिला. त्याच महिन्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढे टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ, हा विचार 'गीतारहस्या'त (१९१५) त्यांनी विस्ताराने मांडला. बाबासाहेबांना ही कैफियत मान्य नव्हती. गीतेतला बचाव एखाद्या वकिलाने खुनाच्या खटल्यात मांडला तर त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होईल, असा शेरा त्यांनी मारला आहे. आत्मा अमर असेल, पण मरणाऱ्याचे घर अमर नसते.

मग जी कैफियत आपण अर्जुनाच्या बाबतीत नाकारतो, तीच फकिरासाठी का वापरतो?

त्यातही एक फरक आहे. अर्जुनाचा हेतू गृहीत धरला जातो, फकिराच्या हेतूला दाखला लागतो. कादंबरीत तो दाखला देतात विष्णुपंत कुलकर्णी. दुष्काळात मांगवाड्याने काहीही करून जगावे, हे सांगणारा माणूस वाड्यातला आहे. विष्णुपंतांचे चित्रण अण्णाभाऊंनी मायेने केले आहे आणि अशी माणसे असतही. तरी भुकेल्याने धान्य घ्यावे की नाही, याचा निवाडा कुलकर्ण्याच्या तोंडून यावा, हे मला खटकते. (डॉ. आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेल्या पुस्तकात तर अधिकच खटकते.) पांढरपेशा वाचकाला फकिरा पचला, त्यात या दाखल्याचाही वाटा असावा.

फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी वाटेगावात आणताना मारला जातो. तीही हिंसाच, पण तिने जत्रा गावाला मिळते आणि मरण मांगवाड्याला. म्हणून गाव तिला शौर्य म्हणते. मुलगा मठकरीचे धान्य पोटासाठी उचलतो, तेव्हा तो दरोडेखोर ठरतो. म्हणजे गावाने न्याय केला तो हेतूवरून नाही आणि परिणामावरूनही नाही. लाभ कोणाच्या पदरात पडला, एवढेच त्याने पाहिले. सरकारने तर तेवढेही पाहिले नाही. १८७१ साली प्रथम आलेला, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचलेला आणि १९५२ साली रद्द झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा जन्मावरून निकाल देत होता. काही न करणाऱ्यालाही हजेरी होती. अशा काळातल्या माणसाला अण्णाभाऊंनी मन दिले, हेतू दिला, हे त्यांचे खरे बंड.

म्हणून केवळ परिणामांचा हिशेब मांडावा, तर त्यातही फसगत आहे. बेडसगावचा खजिना लुटल्यावर इंग्रज अधिकारी मांगांच्या बायापोरांना धरून कोंडतो. हे फकिराच्या नावावर लिहायचे की त्या अधिकाऱ्याच्या? २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला. तलवार कोणीही उचलली नव्हती, तरी मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. 'परिणाम वाईट झाले, म्हणून कृती चुकली' असे म्हटले की जाळणाऱ्याचे पाप मागणाऱ्याच्या खाती जमा होते. ही जमाखर्चाची पद्धत गावकीला फार सोयीची आहे. पुष्कळ शहाणे लोक तेव्हा आपल्याला हाच हिशेब शिकवत होते.

तरी म्हातारीचा प्रश्न उरतोच. तिने फकिराला दोषी म्हटले नव्हते. विचारले होते का, एवढेच तिला हवे होते. बेत फकिरा आणि त्याचे साथीदार ठरवतात. सूड वस्तीवर उगवणार, हे त्यांना ठाऊक असणारच, कारण हजेरीचा जाच रोजचा होता. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी हत्येची इच्छा आणि हत्येची गरज असा भेद केला आहे. गरज आहे की नाही, हे ज्याने त्याने प्रज्ञेने ठरवायचे. पण एकाच्या तलवारीची किंमत चाळीस घरे मोजणार असतील, तर ती प्रज्ञा एकट्याची कशी चालेल? घोडा, तलवार आणि शब्द पाळणारा वीर यांच्यात अण्णाभाऊंची लेखणी रमते. पोवाड्यातून आलेल्या लेखकाचे ते बळ आहे. त्या रमण्यात हजेरीवरच्या बाया मागे राहतात.

पूर्ण नाही, हेही सांगितले पाहिजे. लढता लढता मरण्याची वाट फकिराला मोकळी होती आणि वीरकथेला तीच शोभली असती. तो मात्र कोंडलेल्या माणसांसाठी स्वतः हजर होतो. शेवटी तो आपल्या शुद्ध हेतूकडे बोट दाखवत नाही. अधिकाऱ्याने केलेले पाप तो आपले मानत नाही, पण आपल्यामुळे कोण अडकले आहे, ते तो विसरत नाही. आपल्या समीक्षेने हे पान शोकांतिकेच्या खात्यात टाकले. माझ्या मते फकिरा आपल्या माणसांना जाब देतो तो इथे. सरकारपुढे तो फक्त उभा राहतो.

राहूच्या म्हातारीला मी हे पुढच्या खेपेस सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग आदीच इचारायचं व्हतं."