जगायला जाणें

गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्याच्या निबंधांतील एका वाक्याखालीं आम्हीं तांबड्या शाईची रेघ ओढली. विद्यार्थी पेठ तालुक्यांतल्या एका पाड्यावरचा. निबंधाचा विषय 'माझें गांव'. त्यानें लिहिलें होतें, 'भाताची कापणी झाली कीं आमचा पाडा जगायला जातो.' रेघेशेजारीं 'वाक्य अपुरें, कोठें जातो?' असा शेराही आम्हीं मारला. निबंध परत मिळाल्यावर तो मुलगा आमच्याकडे आला आणि संकोचानें म्हणाला, "सर, तें वाक्य पुरतें आहे. आमच्याकडे असेंच म्हणतात. कोठें जायचें, तें मुकादम ठरवतो."

जी भाषा आपण तीस वर्षें शिकवीत आलों, तिच्यांतला एक नित्याचा प्रयोग आपणांस ठाऊक नसावा, ही गोष्ट लाज वाटण्यासारखी खरीच. परंतु थोडा विचार केल्यावर आम्हांस असें दिसून आलें कीं, हें अज्ञान केवळ आमचें एकट्याचें नव्हे. ज्या ग्रंथांवर आमचें मराठीचें ज्ञान पोसलें गेलें, त्यांत हा प्रयोग आम्हांस कधीं भेटला नव्हता. पोटाचा धंदा यंत्रानें वा कायद्यानें हिरावून घेतल्यावर माणसाचें काय होतें, हा प्रश्न आमच्या वाङ्मयानें विचारलाच नाहीं, असें नाहीं. परंतु त्याचें जें उत्तर दिलें, तें बहुधा 'तो बुडाला' या दोन शब्दांत संपतें. बुडालेला माणूस दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून काय करतो, हें क्वचितच सांगितलेलें आढळतें. या दृष्टीनें तीन प्रसिद्ध कृति आम्हीं पुन्हां वाचल्या. त्यांविषयींचे विचार येथें मांडीत आहों.

पहिली कृति त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' (१९१५). कुणबी, बलुतेदार, अलुतेदार यांचे हक्क आणि चाकरी, सणवार, देणींघेणीं यांचें इतकें बारीक आणि निर्भीड वर्णन त्यापूर्वीं मराठींत झालें नव्हतें. खेड्याचें गोडवे गाणाऱ्यांनीं तें पुस्तक एकदां तरी वाचावें. कारण आत्र्यांना वतनाचा मोह नाहीं, आणि कुणब्याच्या खळ्यावर किती हात पसरले जातात हें त्यांनीं न संकोचतां दाखविलें आहे. परंतु त्यांच्या ग्रंथाची मांडणी गाडा या रूपकावर आधारलेली आहे. गाड्यास चाक, आंस, जूं असतें, आणि प्रत्येक अवयवाची जागा ठरलेली असते. जो अवयव निखळला तो रूपकांतूनच बाहेर पडतो. गांवाचा आधार नसलेला माणूस आत्र्यांच्या दृष्टीस पडतो तो 'फिरस्ता' म्हणून. आणि फिरस्त्याकडे पाहणारी ती दृष्टि बरीचशी सरकारी अंमलदाराची आहे.

याचें उदाहरण म्हणून लमाणांचें घ्या. शेंकडों वर्षें धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर घालून घाट चढणारी ही जात. प्रथम गाडीरस्ते झाले, मग १८६५ सालीं थळ घाटांतून लोहमार्ग सुरू झाला, आणि तांड्याच्या बैलांस ओझें उरलें नाहीं. अशा अनेक भटक्या लोकांना सरकारनें दिलें काय, तर १८७१ चा गुन्हेगार जातींचा कायदा. तोच १९११ सालीं अधिक विस्तारून पुन्हां केला गेला. त्याच सालीं आत्र्यांचें 'गुन्हेगार जाती' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. यांत आत्र्यांच्या हेतूवर आक्षेप घेण्याचा आमचा उद्देश नाहीं. ते आपल्या काळाच्या मानानें प्रामाणिक निरीक्षक होते. परंतु धंदा गेलेला माणूस मराठी गद्यांत प्रथम अवतरला तो पीडित म्हणून नव्हे, तर संशयित म्हणून, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासकारानें विसरूं नये. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. संशय मात्र कायद्याबरोबर रद्द होत नाहीं.

दुसरी कृति मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही कादंबरी (१९३३). पांढरपेशांच्या दिवाणखान्यांत रमलेल्या आमच्या कादंबरीस वरेरकरांनीं गिरणीच्या दारांतून आंत नेलें, हें त्यांचें श्रेय कोणी हिरावून घेऊं शकणार नाहीं. परंतु गिरणीचें वाङ्मय म्हणून जें जें पुढें आमच्या वाचनांत आलें, त्यांत एक उणीव आम्हांस सतत जाणवली. तेथील कामगार जणूं भोंग्याबरोबरच जन्मास आला, असें वाटत राहतें. वस्तुतः तो गिरणींत शिरला तेव्हांच त्याच्या आयुष्यांतला पहिला धंदा संपलेला होता. रत्नागिरीची भातखाचरें किंवा घाटावरचा हातमाग सोडून तो आला होता. नवी वेळ, नवी शिस्त, नवे हात त्यानें एका पिढींत कमावले होते. आमच्याच जिल्ह्यांत मालेगांवच्या विणकरांनीं हातमाग टाकून यंत्रमाग धरला. ज्या यंत्रानें पोटावर पाय दिला, त्याच यंत्राचे ते जाणकार झाले. ही केवढी घडामोड! आमच्या कादंबरीनें धोटा धांवतांना पाहिला. धोट्यामागें धांवणें शिकणारा माणूस तिनें फारसा पाहिला नाहीं.

तिसरी कृति जयंत पवार यांचें 'अधांतर' हें नाटक (१९९७). १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते, आणि त्यांतील बहुतेकांच्या दृष्टीनें तो संप कधीं संपलाच नाहीं. पुढें १९९१ च्या विकास नियमावलीनें गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली, आणि जेथें चिमण्या होत्या तेथें मनोरे उभे राहिले. पवारांनीं हा सर्व इतिहास गिरणगांवांतल्या एका चाळीच्या खोलींत आणला आहे. बाप गेलेला, आई घर सांवरणारी, आणि मुलें वेगवेगळ्या स्वप्नांच्या दोरांना लोंबकळणारीं: एक साहित्याच्या, एक क्रिकेटच्या, एक टोळीच्या. या नाटकांत खोटी आशा नाहीं आणि खोटे अश्रूही नाहींत. संवाद त्या खोलीचेच आहेत, नाटककाराचे नाहींत. गेल्या अर्धशतकांतील श्रेष्ठ मराठी नाटकांत त्याची गणना करण्यास आम्ही कचरणार नाहीं.

तरीही एक प्रश्न उरतोच. शोकांतिकेचा पडदा ज्या क्षणीं पडतो, त्या क्षणापासून गिरणगांवाचें पुढलें आयुष्य सुरू होतें. कोणी पहारेकरी झाला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गांवीं परतला. गिरणी कामगारांना जेवूं घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त संघटित केलें होतें. जेवणारेच गेल्यावर त्यांच्यापैकीं कित्येक बायांना नवें गिऱ्हाईक शोधावें लागलें असेल. हें सारें नाट्य नव्हे काय? आमचे कांहीं मित्र म्हणतात, शोकांतिकेच्या बांध्यांत तें बसत नाहीं. बसत नसेल, पण मग बांधा बदलावयाचा, कीं माणसें वगळावयाचीं?

हा दोष एकट्या मराठीचा आहे, असेंही नाहीं. आम्ही ज्या इंग्रजी वाङ्मयावर वाढलों, त्यांतही गोल्डस्मिथनें १७७० सालीं ओसाड खेड्यावर काव्य लिहिलें तें निघून गेलेल्यांसाठीं हळहळून. हाउप्टमानच्या 'विणकर' नाटकांत (१८९२) सिलेसियांतील विणकरांचा १८४४ चा उठाव आहे. उठावानंतरचा विणकर नाहीं. विलाप आणि विद्रोह हीं दोन्हीं वाङ्मयास सोपीं जातात, कारण दोन्हींत एक उंच स्वर असतो. शिकणें हें मात्र हळू, बिनआवाजी आणि अपमानकारक काम आहे. चाळीस वर्षांच्या माणसास पुन्हां उमेदवारी करावी लागते, आणि ती बहुधा आपल्या मुलाच्या वयाच्या माणसाच्या हाताखालीं.

आतां पेठकडे वळूं. १८७८ सालीं तेथील बेगमेच्या मृत्यूनंतर पेठ संस्थान ब्रिटिश मुलखांत सामील झालें. आणि योगायोग असा कीं, त्याच सालीं वनांचा कायदाही झाला. त्या डोंगरांत काथोडी राहतात. कोंकणांत त्यांना कातकरी म्हणतात. खैराचा गाभा काढून, त्याचे तुकडे उकळून, तो रस आटवून कात पाडावयाचा, या धंद्यावरूनच त्यांचें नांव पडलें. राखीव जंगलांत खैरास कुऱ्हाड लावणें हा गुन्हा ठरला आणि धंदा गेला; नांव तेवढें राहिलें. मग ते कोळसा पाडूं लागले, पुढें वीटभट्टीवर गेले. कोकणा, वारली, महादेव कोळी यांनीं नागली, वरई आणि भात पिकवीत ठेकेदाराच्या कुपांत लाकूडतोड केली. १९४७ सालीं खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळांत ठेकेदारास वगळून जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्यांना कूप देण्याची सुरुवात झाली. हें धोरण सद्हेतूचें होतें, आणि त्यानें अनेक घरांत चूल पेटती ठेवली. पुढें १९८० चा वनसंरक्षण कायदा, १९८८ ची वननीति आणि १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांनीं तोडीवर उत्तरोत्तर बंधनें आलीं. जंगल वांचावें हें आम्हांसही मान्य आहे. परंतु जंगल वांचविण्याची किंमत ज्यानें भरली, त्याचें नांव कोणत्याही आभारपत्रांत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याचा आजा अशाच एका सोसायटींत होता. उभ्या सागाकडे पाहून किती घनफूट माल निघेल हें तो अजमासानें सांगे आणि सहसा चुकत नसे, असें नातू सांगतो. त्याचा बाप दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत जातो. छाटणी, घडांची विरळणी, जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणांत घड बुडविणें, शेवटीं तोडणी. एका वेलीवर किती घड ठेवावेत आणि एका घडांत किती मणी, हें तो बोटांनीं जाणतो. आजाची नजर झाडावर होती, बापाची बोटें घडावर आहेत. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत एका घरानें एक संपूर्ण विद्या टाकली आणि दुसरी संपादिली. महाविद्यालयाच्या अर्जावर बापाच्या धंद्याच्या रकान्यांत त्या मुलानें एकच शब्द लिहिला आहे: 'मजुरी'.

येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. 'परिस्थितीशीं जुळवून घेतलें' हें वाक्य ज्याला जुळवून घ्यावें लागत नाहीं त्याच्याच तोंडीं फार शोभतें. पाडा जगायला जातो तेव्हां मागें राहतात म्हातारीं माणसें आणि कुलुपें. सोबत गेलेल्या मुलांची शाळा तुटते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडतां फेडतां मोसम संपतो. अवकाळी पावसानें बाग झोडपली तर रोज बुडतो तो प्रथम मजुराचा. १९७२ च्या दुष्काळांत आकारास आलेली आणि १९७७ सालीं कायद्यानें बांधलेली रोजगार हमी महाराष्ट्रानें देशास दिली, हें भूषणच. पण कामाची हमी आणि विद्येचा मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सरकार देऊं शकतें. दुसरी देण्याचें काम कांहीं अंशीं तरी वाङ्मयाचें आहे.

म्हणून या प्रकारच्या लेखनास आम्ही पुढें एक साधी कसोटी लावणार आहों. लेखकास आपल्या माणसाच्या गेलेल्या धंद्याचे शब्द येतात, तितकेच नव्या धंद्याचे येतात काय? जो फक्त पहिले जाणतो, तो त्या माणसाचा मृत्युलेख लिहितो. जो फक्त दुसरे जाणतो, तो त्याची जाहिरात करतो. दोन्ही ज्याला येतात त्याच्या लेखनांत माणूस सबंध उतरण्याचा संभव असतो. या कसोटीला 'गांवगाडा' अर्धा उतरतो. जुन्या धंद्यांचे शब्द त्यांत विपुल आहेत. 'अधांतर' पुष्कळसें उतरतें. पेठच्या पाड्यावरचें पुस्तक अजून आमच्या हातीं आलेलें नाहीं.

तें लिहिण्याची शक्ति त्या मुलाच्या अंगीं आहे, असें आमचें मत आहे. अडचण निराळी आहे. डिसेंबरांत तो तीन आठवडे वर्गांत नव्हता. बापाचा हात दुखावल्यामुळें विरळणीस त्याला जावें लागलें. हजेरी भरत नाहीं म्हणून त्याला परीक्षेस बसूं द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न आतां आमच्या विभागापुढें आहे, आणि त्याच्या नांवापुढें 'अनियमित' हा शेरा आमच्याच हस्ताक्षरांत आहे. त्या शेऱ्याखालीं आतां आम्हीं एक ओळ लिहून दिली आहे: 'विद्यार्थी या काळांत जगायला गेला होता.' वरिष्ठांना हें वाक्य अपुरें वाटल्यास तें समजावून सांगण्यास आम्ही स्वतः जाणार आहों.