बोध आणि माणूस

कादंबरी वाचून झाली की आमच्या वाचनमंडळात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यातून बोध काय घ्यावा?" धर्मग्रामातील चार कुटुंबे महिन्यातून एकदा एकत्र बसतात, तेथे हा प्रश्न निघणे स्वाभाविकच आहे. प्रवचनाची सवय झालेला कान कादंबरीतही प्रवचन शोधतो. यंदा मात्र आपल्याच मुलखातील तीन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या आणि ही सवय आम्हांला तपासून पाहावी लागली.

पहिली निवड अर्थातच 'ययाति'. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांच्या या कादंबरीस १९७४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक लाभले. भोगाने वासना शमत नाही, हा तिचा आशय आपल्या श्रद्धेस जवळचा. तरीही प्रांजळपणे सांगायचे तर दुसऱ्या वाचनात आम्ही थकलो. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात. परंतु तिघांच्याही मुखी सुभाषिते खांडेकरांचीच. कचाविषयी आदर वाटतो, जवळीक वाटत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आम्हांला माणदेशात घेऊन गेली. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. शाळा भरू लागते, तालीम उभी राहते. मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. बोध काय, हे कोणालाच सांगता आले नाही. मात्र त्यानंतर तासभर कारभारी, मेंढरे आणि जगायला परागंदा झालेली माणसे यांखेरीज दुसरा विषय निघाला नाही. अंजीसारख्या स्त्रीकडे लेखकाने दुरूनच पाहिले, एवढी उणीव आम्हांला जाणवली.

'फकिरा' ही 'ययाति'प्रमाणेच १९५९ सालची. अण्णाभाऊ साठे यांचे वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांच्या जन्मसमयी, १९२० साली, ते साताऱ्यात होते. उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा मातंग समाजातील हा वीर 'चोरी करू नको' या आज्ञेचा भंग करतो, असा आक्षेप मंडळात आला. त्यावर एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "पोरे भुकेने मरताना कोठाराला कुलूप लावणाऱ्याने कोणती आज्ञा पाळली?" त्या संध्याकाळी आवाज चढले. निवेदन कोठे कोठे भडक होते, नायकात दोष फारसा दिसत नाही, हे खरे. पण आपल्या शेजारवस्तीचे दुःख इतक्या जवळून आम्ही पूर्वी पाहिले नव्हते, हेही खरे.

येथे स्वतःकडेही पाहिले पाहिजे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) अनेक जण मराठीतील पहिली कादंबरी मानतात. ती ख्रिस्ती लेखकाची म्हणून आम्हांस अभिमान. विधवांच्या हालांविषयीची तिची तळमळ अस्सल आहे. तथापि तिच्यातील माणसे पुष्कळदा युक्तिवादाचे साक्षीदार होऊन उभी राहतात. उपदेश आपला आहे म्हणून पदमनजींना सूट द्यायची आणि खांडेकरांना दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

"माझा शेजारी कोण?" असे शास्त्र्याने विचारले, तेव्हा प्रभूने व्याख्या सांगितली नाही. शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली आणि उत्तर विचारणाऱ्याकडूनच वदवून घेतले. चांगली कादंबरी वाचकावर असाच विश्वास टाकते. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये साहित्यवाचनाविषयी पत्र लिहिले. ते प्रथम धर्मगुरूंच्या प्रशिक्षणापुरतेच योजले होते. पुढे त्यांनी ते सर्व ख्रिस्ती जनांना उद्देशून प्रसिद्ध केले. कथाकादंबऱ्यांना फावल्या वेळचा उद्योग समजणाऱ्या घरांनी याची नोंद घ्यावी.

पुढील बैठकीपासून आम्ही पहिला प्रश्न बदलला आहे : "यात कोण भेटले?" बोधाचा प्रश्न त्यानंतर. वाचकांच्या घरी मुलांच्या हाती प्रथम कोणते पुस्तक द्यावे, असे कोणी विचारील, तर आमचे मत 'बनगरवाडी'च्या बाजूने आहे. आणि मूल थोडे मोठे झाले की 'फकिरा'. त्यावर घरात वाद झाला, तर तो होऊ द्यावा.