बघायला काय आहे, आणि किती वाजता?

माझ्या बहिणीची मुलगी पुण्याहून चार दिवसांसाठी आमच्याकडे हुबळीला आली होती. चहाचा कप खाली ठेवायच्या आत तिनं मोबाईल पुढं केला. ‘मावशी, हुबळी-धारवाडात करण्यासारख्या पंचवीस गोष्टी. तू यातल्या किती केल्यास?’

चष्मा लावून यादी वाचली. उणकल तळं, काठचं चंद्रमौळेश्वराचं देऊळ, नृपतुंग टेकडी, सिद्धारूढ मठ, काचघर, धारवाडचा पेढा, बेंद्र्यांचं साधनकेरी, संध्याकाळी दुर्गदबैलात गिरमिट आणि मिरची भजी, वरूरचं नवग्रह तीर्थ, आणि शेवटी जगातला सगळ्यांत लांब रेल्वे फलाट. लग्न होऊन या गावात मला एकतीस वर्षं झाली. मोजून पाहिलं तर पंचवीसपैकी सोळा गोष्टी केलेल्या निघाल्या. पण गंमत अशी, की सोळाच्या सोळा कुणीतरी पाहुणे आले म्हणून. नणंदेचा जावई आला म्हणून उणकल, दिरांचे साहेब आले म्हणून पेढ्याची रांग. माझी मी म्हणून उठले आणि गेले, असं त्यात एकही नव्हतं.

म्हणून ही यादी जरा नीट तपासावीशी वाटली. पुस्तकावर लिहितात तसं यादीवरही लिहायला हरकत नसावी. आजकाल पुस्तकांपेक्षा याद्याच जास्त वाचल्या जातात.

यादीतली माहिती खोटी नाही. चंद्रमौळेश्वराचं देऊळ चालुक्यकालीन आहे, चारी बाजूंनी दारं आहेत, आणि आजूबाजूच्या घरांच्या दाटीत ते बिचारं कसंबसं श्वास घेतं, हे खरंच बघण्यासारखं आहे. फलाटही खरा. 1507 मीटर, मार्च 2023 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. (सामान घेऊन चुकीच्या टोकाला उतरलं की तो जगात सगळ्यांत लांब आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.) माझी तक्रार वेगळी आहे. यादीत जागा लिहिली आहे, वेळ लिहिलेली नाही. आणि बाईच्या दृष्टीनं शहर म्हणजे जागा नव्हेच, शहर म्हणजे वेळ. कुठं जाता येईल हा प्रश्न आपल्याला फारसा पडत नाही. किती वाजता निघता येईल आणि किती वाजता परत यावं लागेल, एवढाच पडतो.

त्यातून आपण जैन. सूर्यास्ताच्या आत जेवण. इथं डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सातला. म्हणजे पाच-साडेपाचला घरातल्या निदान दोन माणसांची पानं वाढायची. मुलं आणि मालक पुन्हा नऊला जेवणार, कारण त्यांनी हा नियम सोडून पंधरा वर्षं झाली. एका संध्याकाळी दोन स्वयंपाक. दुर्गदबैलात गिरमिट रंगतं ते दिवेलागणीनंतर, त्यात कांदा, आणि त्या वेळी माझ्या घरी दुसरी कणीक मळायची असते. यादी करणाऱ्याचा यात दोष नाही. तो बहुधा घरी जाऊन आयतं जेवणारा असावा.

आता या शहराची खरी श्रीमंती कशात आहे ते बघा. पेढा झाला, पण त्याहून मोठं म्हणजे गाणं. मल्लिकार्जुन मन्सूर इथले, गंगूबाई हनगल इथल्या, भीमसेन जोशी गदगचे आणि शिकले कुंदगोळला, बसवराज राजगुरू इथलेच. मन्सूरांचं धारवाडचं घर ‘मृत्युंजय’ आता स्मारक झालंय. एवढं गाणं ज्या गावात पिकलं, त्या गावातल्या बायकांनी ते कुठं ऐकलं? सभागृहात नाही. स्वयंपाकघरात ऐकलं. धारवाडचं आकाशवाणी केंद्र 8 जानेवारी 1950 ला सुरू झालं, आणि माझ्या सासूबाई सांगायच्या की त्यांच्या आयुष्यातली पहिली मैफल म्हणजे फडताळावरचा रेडिओ. सकाळचं शास्त्रीय गायन लागलं की त्या भाकरी थापायचा वेग त्याला जुळवून घ्यायच्या. रागाचं नाव त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही, पण ‘हे कालच्यापेक्षा उतरलेलं वाटतंय गं,’ असं म्हणायच्या आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. मन्सूर त्याच केंद्रावर संगीत सल्लागार होते. पंडितजींचं गाणं भाकरीच्या तव्यापर्यंत पोचलं ते या रेडिओमुळं. कार्यक्रमाला ‘जायचं’ हा प्रकारच त्यात नव्हता, कार्यक्रम आपण होऊन घरी यायचा आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागायची नाही.

सासूबाईंच्या मानानं मी सुधारलेली. मी सभागृहात जाते. मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. पत्रिकेवर ‘सायंकाळी ठीक सहा’ छापलेलं. मी साडेपाचला जेवून, घरच्यांचं झाकून ठेवून, पावणेसहाला खुर्चीत. सव्वासातपर्यंत हार, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, प्रायोजकांचे आभार, मग एका पाहुण्यांचं ‘मी गाण्यातला जाणकार नाही’ या वाक्यानं सुरू झालेलं पंचवीस मिनिटांचं भाषण. गाणाऱ्या बाई विंगेत तानपुरा लावून बसलेल्या. शेवटी साडेसातला षड्ज लागला. विलंबित ख्याल कुठं उलगडायला लागतोय तोवर साडेआठ झाले, शेजारच्या वैनींचा फोन थरथरायला लागला, आणि आम्ही दोघी वाकून, दुसऱ्यांचे गुडघे चुकवत बाहेर पडलो. द्रुत आम्ही रिक्षात बसून कल्पनेनं ऐकला. कुणा एका संस्थेची ही गोष्ट नाही, म्हणून नाव लिहीत नाही. आपल्याकडं सत्कार वेळेवर होतो, गाणं उरलेल्या वेळात.

‘मग तुम्हाला अडवलंय कोणी?’ असं घरातले पुरुष म्हणतात. 11 जून 2023 पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसमधून बायकांना प्रवास फुकट आहे, हुबळी-धारवाडमध्ये चिगरी धावते, आणखी काय पाहिजे? खरंय. तिकिटाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला, आणि तो सुटल्यावर लक्षात आलं की तिकीट हा मोठा प्रश्न नव्हताच.

वेळ बदलत नाही असं कुणी म्हणालं तर भाचीच्या पुण्याचंच उदाहरण देते. सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्र रात्र चालायचा. पहाटेचा भैरव ऐकून लोक ऑफिसला जायचे म्हणे. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, असा नियम आला आणि एवढा मोठा महोत्सव दुपारी सुरू व्हायला लागला. रसिकांनी कुरकुर केली आणि दुपारी हजर झाले. म्हणजे कायद्यासाठी वेळ बदलते. बायकांसाठी बदलून बघितली का, हे मला कुठल्याही संयोजकाला विचारायचंय. रविवारी सकाळी साडेनऊला मैफल ठेवा. सकाळचे राग ऐकायला मिळत नाहीत म्हणून हळहळता, ते ऐकायला मिळतील, आणि आम्ही द्रुतापर्यंत बसू.

पण मैत्रिणींनो, बोट एकाच बाजूला दाखवून चालणार नाही. आपल्या समाजाच्या मंडळांचे कार्यक्रम दुपारी चारलाच असतात. वेळ उत्तम, सूर्यास्ताच्या आत सगळं आटोपतं. आणि त्या उत्तम वेळेत आपण काय करतो? हाऊजी, पूजेचं ताट सजवायची स्पर्धा, ‘एका मिनिटात किती टिकल्या’. मी स्वतः दोनदा बक्षीस घेतलंय, डबे अजून वापरते, तेव्हा मोठेपणा मिरवत नाही. पण सहल निघते तेव्हाही तेच. वरूरला 61 फुटी पार्श्वनाथांसमोर बस थांबते, दर्शन दहा मिनिटं, फोटो चाळीस मिनिटं. मग गदगच्या पुढं लक्कुंडी. तिथं ब्रह्मजिनालयाच्या पायरीवर बसून आपण चिवडा खातो आणि निघतो. ते मंदिर अत्तिमब्बेनं बांधवलं, 1007 सालचा तिचा शिलालेख तिथं आहे. विधवा बाई. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती ताडपत्रावर उतरवून घेऊन तिनं वाटल्या, रन्न कवीला आश्रय दिला. त्या काळात ग्रंथाच्या हजार प्रती म्हणजे केवढं काम! कर्नाटक सरकार तिच्या नावानं पुरस्कार देतं. आणि आमच्या बसमध्ये तिचं नाव विचारलं तर ‘कुठली अत्ती, नणंदेची का?’ असा विनोद झाला. कन्नडात अत्ते म्हणजे सासू किंवा आत्या, त्यावरून. मीही हसले होते.

यादीत गंगूबाईंचं नाव एका ओळीत आहे. गाव त्यांना भूषण म्हणतं, आणि ते योग्यच. पण याच भागातल्या एका कार्यक्रमाशी त्यांची पहिली गाठ कशी पडली? 1924 ला बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अकरा वर्षांच्या गंगूनं तिथं स्वागतगीत म्हटलं. एवढ्या मोठ्या सोहळ्यातलं तिच्या मनात राहिलं ते असं, की आपण खालच्या जातीच्या, जेवणं झाल्यावर आपल्याला उष्टी काढायला सांगतील की काय. पुढं त्या हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडं शिकायला जात. घरात मुलं, रस्त्यानं टोमणे. गुरुजींनी मराठी संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करून नाव कमावलं होतं. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर शिष्येचा आवाज असा भरदार झाला, की न बघता ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. बाईचं काम करणाऱ्या पुरुषाला शाबासकी, आणि गाणं शिकायला निघालेल्या बाईला टोमणे, हा त्या काळचा हिशोब. त्यांनी तो बदलायला लावला, पण किती फेऱ्या मारून! त्यांना 2002 मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्या गाडीच्या वेळा मात्र कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत.

यादीतला तो लांब फलाट आणि कुंदगोळची गाडी यांचा संबंध जोडून दाखवायला हवा होता. मी भाचीला तसं म्हणाले, तर ती म्हणाली, ‘मग चल की. पाहुणी मी आहेच, तुला कारण मिळालं.’

दुसऱ्या दिवशी सकाळची पॅसेंजर धरली. कुंदगोळ जवळच आहे. नाडगीर वाडा बाहेरून बघितला. तिथं दर वर्षी सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीला रात्रभर गाणं होतं, पुण्याला आता जे जमत नाही ते. एवढी वर्षं हुबळीत राहून मी त्याला एकदाही गेलेली नाही. भाचीनं विचारलं, ‘का गं?’ सांगण्यासारखं काही नव्हतं. कुणी नको म्हटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. शंभुलिंगाचं देऊळ बघितलं. तिथं एका आजींनी आम्हाला कन्नडातून विचारलं, कुणाकडं आलात? ‘कुणाकडं नाही, बघायला आलो,’ म्हटल्यावर त्यांना ते पटलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं.

परतीच्या गाडीला उशीर झाला. सूर्य कलायला लागला तसा मी बाकावर डबा उघडला. चपात्या, शेंगांची चटणी, दह्यात कालवलेली काकडी. भाची एरवी रात्री दहाला जेवते, पण ती माझ्याबरोबर जेवली. घरून फोन आला, रात्रीच्या भाजीचं काय? मी म्हणाले, फ्रिजमध्ये दोडका आहे, निवडून ठेवलाय. पलीकडं थोडा वेळ शांतता. मग, ‘फोडणीला काय घालायचं?’

मोहरी कुठल्या डब्यात आहे ते सांगत असतानाच सिग्नल पडला.