नोंदीत हरवलेले प्रबंध

खोपोलीच्या शिळफाट्यावर उभे राहिले की ‘पाली’ अशी पाटी लावलेली एस. टी. येते. ती सुधागड तालुक्यातील बल्लाळेश्वराच्या पालीला जाते, हे तेथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. संगणकास ते ठाऊक नसते. ‘पाली’ एवढाच सूचकशब्द दिला असता तो हे गाव, राजस्थानातील जिल्हा आणि तिपिटकाची भाषा या तिन्हींना एकाच पंक्तीस बसवतो. (भिंतीवरच्या पालीचा विचार येथे सोडून देऊ.) खुद्द ‘शिळफाटा’ म्हटले तरी तो मुंब्र्याजवळचा की खोपोलीचा, हा प्रश्न उरतोच. विद्यापीठीय प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रकाशनात नेमका हाच घोळ झाला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमान्वये पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगे’त आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. पूर्वी एक प्रबंध चाळण्यासाठी ग्रंथपालांच्या नावे चिठ्ठी घेऊन नागपूर वा औरंगाबाद गाठावे लागे. त्या मानाने हे उपकार मोठेच आहेत. आमचा आक्षेप संग्रहाविषयी नाही, नोंदीविषयी आहे. शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, सूचकशब्द, विभाग, वर्ष यांची जी ओळखनोंद, म्हणजेच मेटाडेटा, ती त्या त्या विद्यापीठाकडून येते. आणि आमच्या पाहण्यात तरी ती भरणाऱ्याने प्रबंधाचे मुखपृष्ठ ओलांडलेले क्वचितच दिसते.

आमच्या एका विद्यार्थिनीचा अनुभव सांगतो. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांवर पूर्वी काय काम झाले आहे, हे तिला पाहावयाचे होते. रोमन लिपीत नाव घातले तर सिंहगड, म्हणजे कोंढाणा, पुढे आला. ‘रायगड’ घातले तर किल्ला आणि शिवराज्याभिषेक. जुन्या अभ्यासकांनी जिल्ह्याचे नाव ‘कुलाबा’ लिहिलेले असणार, कारण ते १९८१ मध्ये बदलले. पण कुलाबा म्हटले की मुंबईचे दक्षिण टोक हजर. अखेर तिला हवा तो प्रबंध सापडला, तो ‘इतिहास’ आणि ‘कला’ एवढ्या दोनच सूचकशब्दांखाली. त्याच्या चौथ्या प्रकरणात कोंडाण्याच्या चैत्यगृहाची मापे होती. तिने तीच मापे घेण्यासाठी दोन पावसाळे खर्ची घातले होते.

कोणी म्हणेल, नोंद कशीही असो, संगणक आता आतला मजकूरही शोधतो. इंग्रजी प्रबंधांपुरते हे बरेचसे खरे आहे. मराठीतील अनेक जुने प्रबंध मात्र केवळ पृष्ठांची छायाचित्रे आहेत, आणि युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्यांतून मजकूर उचलला तर रोमन अक्षरांचा चुरा हाती येतो. म्हणजे ज्या प्रबंधाचा मजकूर मुका, त्याची नोंद अधिक बोलकी हवी. घडते ते उलटे. त्यात आमच्या विषयाची स्वतःची अडचण अशी की एक अभ्यासक ‘निब्बान’ लिहितो, दुसरा ‘निर्वाण’. एक ‘धम्म’, दुसरा ‘धर्म’. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि म्हणूनच एकमेकांस सापडत नाहीत.

शीर्षकाचेही तसेच. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ मध्ये एका नावाने आणि १९४७ मध्ये भारतीय चलन व बँकव्यवस्थेचा इतिहास अशा अर्थाच्या दुसऱ्या नावाने निघाला. दोन्ही नावे एकत्र बांधणारी नोंद नसेल, तर नवखा अभ्यासक ते दोन ग्रंथ समजतो.

१९९५ मध्ये अमेरिकेतील डब्लिन या गावी झालेल्या बैठकीतून ‘डब्लिन कोर’ हा पंधरा घटकांचा आराखडा निघाला. त्यात भाषा, विषय आणि स्थळकाळ यांस वेगवेगळी जागा आहे. मराठीत लिहिलेल्या पाली साहित्यविषयक प्रबंधाची भाषा मराठी, विषय पाली आणि स्थळ, असल्यास, पाली गाव: तिन्ही निराळे राहतात. परंतु त्यातील एकही घटक सक्तीचा नाही, आणि जे सक्तीचे नाही ते रिकामे राहते, हा आपल्या कार्यालयांचा जुना रिवाज आहे.

कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न यक्षमूर्तीजवळ छोटा ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढेच तो सांगतो. कर्ता कोण, त्याचा गुरू कोण, दोघांचे नाते काय, हे सारे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. आमच्या स्वतःच्या प्रबंधाच्या नोंदीत मार्गदर्शकांचे नाव संशोधकाच्या रकान्यात गेले असून आमचे कोठेच नाही. दुरुस्तीसाठी आम्ही दोन पत्रे पाठविली. गुरुजी हयात असते तर हसले असते. आम्हांस मात्र हसू येत नाही.

तिपिटकाच्या संगायकांनी वर्गाच्या शेवटी ‘उद्दान’ ठेवले, त्यात त्या वर्गातील सुत्तांची नावे गुंफली. चीनमध्ये सेंगयू या भिक्षूने सहाव्या शतकाच्या आरंभी अनुवादित ग्रंथांची सूची केली, तीत अनुवादक नोंदले आणि संशयास्पद ग्रंथ वेगळे काढले. हे काम त्यांनी कारकुनी मानले नाही. आमच्या पाली विभागांनीही ते इतरांवर सोडू नये. प्रबंध सादर करतानाच संशोधकाने अर्धे पान जोडावे: शीर्षक देवनागरीत व चिन्हयुक्त रोमनमध्ये, पारिभाषिक शब्दांची पाली व संस्कृत रूपे, अभ्यासलेल्या सुत्तांची नावे, स्थळांचे जुने व नवे जिल्हे. मार्गदर्शकाने त्यावर स्वाक्षरी करावी.

आमच्या विद्यार्थिनीने असे पान केले आहे. त्यात ‘कोंडाणे, तालुका कर्जत, जिल्हा रायगड (पूर्वीचा कुलाबा); सिंहगड नव्हे’ अशी ओळ आहे. शेवटचे दोन शब्द विद्यापीठाने गाळावयास सांगितले असून ती अद्याप तयार झालेली नाही.