दोन पट्ट्या

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये चाळीस जण मिळून एका राक्षसाला मारतात तेव्हा बहुतेकांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडी असते. रंगीत आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एक नाव, सगळ्यात लांब पट्टी वर. ‘डॅमेज मीटर’. कोणी किती मारलं, हे त्याच क्षणी सगळ्यांना दिसतं.

पण अशाच पट्ट्यांचं आणखी एक यंत्र या खेळात होतं, आणि माझ्या मते ते जास्त चांगलं होतं. राक्षस कोणावर किती चिडला आहे याचा हिशोब खेळ ठेवतो, त्याला ‘थ्रेट’ म्हणतात. मार खायला पुढे उभा असलेला टँक या यादीत सगळ्यात वर राहायला हवा. लांबून मारणाऱ्या एखाद्याचा थ्रेट टँकच्या 130 टक्क्यांवर गेला की राक्षस त्याच्याकडे वळतो आणि बहुतेक वेळा सगळेच मरतात. सुरुवातीची काही वर्षं हा आकडा खेळ कोणालाच दाखवत नसे. खेळाडूंनी प्रयोग करून सूत्रं काढली, ‘केटीएम’सारखी अ‍ॅडऑन लिहिली. प्रत्येकाचा संगणक स्वतःचा आकडा मोजायचा आणि इतरांना पाठवायचा. ज्याने ते बसवलं नाही त्याची पट्टीच नाही, म्हणजे धोका सगळ्यांना. मार्क चेनच्या ‘लीट नूब्ज’ (2012) या पुस्तकात हे यंत्र गटातला जणू आणखी एक सदस्य म्हणून येतं, ते उगाच नाही.

दोन्ही खिडक्या दिसायला जुळ्या. पण एकीत वर जाणं म्हणजे “थांब, जरा हात आवर”, आणि दुसरीत वर जाणं म्हणजे शाबासकी. 2008 मध्ये कंपनीने थ्रेटचा आकडा अ‍ॅडऑनना थेट द्यायला सुरुवात केली, तेव्हा एकमेकांना कळवायची गरज संपली. 2011 मध्ये टँकचा थ्रेट इतका वाढवला की त्याकडे बघायचं कारणही फारसं उरलं नाही. शाबासकीची खिडकी मात्र टिकली.

मी 2019 मध्ये ‘क्लासिक’ आल्यावर खेळायला लागलो, मेज म्हणून. गेहेनस नावाचा एक राक्षस शाप टाकतो; तो लागला की उपचार 75 टक्क्यांनी कमी होतात. शाप काढणं मेजचं काम. एक शाप म्हणजे दीड सेकंद, तेवढ्यात मारणं बंद. लढाई संपल्यावर कोणीतरी मीटरची यादी चॅटमध्ये टाकली. मी मेजमध्ये शेवटचा. एक हसरा इमोजी, बाकी काही नाही. पुढच्या आठवड्यात मी शाप काढणं कमी केलं आणि नऊ जागा वर गेलो. आमचा टँक त्या दिवशी दोनदा मेला. कोणी मला काही विचारलं नाही.

मीटरच्या बाजूनेही बोलायला हवं. ते नसतं तर नेत्याचा मित्र तोच उत्तम खेळाडू ठरतो. माझ्यासारख्या अनोळखी माणसाला गटात घेतलं ते मीटरमुळेच. ‘फायनल फँटसी 14’मध्ये बाहेरची साधनं नियमाने बंद आहेत. लोक गुपचूप वापरतात, पण दुसऱ्याला त्याचा आकडा सुनावला तर कारवाई होऊ शकते. हे मला आधी ढोंग वाटायचं. आता वाटत नाही. मोजणं आणि चारचौघांत वाचून दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी त्या नियमाला कळलं आहे.

मीटरवर टीका करणारे म्हणतात की सगळंच मोजता येत नाही. इथे ते खरं नाही. कोणी किती शाप काढले हेही तीच खिडकी मोजते, फक्त दोन क्लिक आत. माहिती आहेच, प्रश्न आहे तो उघडल्यावर आधी काय दिसतं याचा. (ऑफिसात आमच्या बोर्डवर आधी दिसतात ती बंद केलेली तिकिटं. दुसऱ्याचा कोड तपासून दिल्याचा आकडाही असतो. कुठेतरी.)

हल्ली मी शापांची यादी उघडी ठेवतो. तिथे सगळ्यात वर बहुतेक वेळा एक ड्रुइड असतो. दीड वर्ष बरोबर खेळत होतो, त्याचं नाव मी पहिल्यांदा तिथे वाचलं.