वचनाचा उत्तरार्ध

ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेत प्रवचनापेक्षा गीताचे आयुष्य दीर्घ असते. पाळकाने रविवारी केलेला बोध बुधवारपर्यंत किती जणांच्या स्मरणात उरतो हे सांगणे कठीण. परंतु त्याच उपासनेत म्हटलेल्या गीताचे ध्रुवपद स्वयंपाक करताना, आगगाडीच्या गर्दीत आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेले असताना आपोआप ओठांवर येते, आणि मनुष्य देवाविषयी जे काही मनोमन मानतो त्याचा मोठा अंश त्याच्या अंतःकरणात गायनाच्याच वाटेने शिरलेला असतो. पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात स्तोत्रांचा आणि गीतांचा उल्लेख केला आहे तो परस्परांस शिकवण्याचे व बोध करण्याचे साधन म्हणून. बिथुनिया प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी याने इ. स. 112 च्या सुमारास सम्राट ट्राजन यास ख्रिस्ती लोकांविषयी जी कैफियत रवाना केली, तीतही हे लोक पहाटेपूर्वी एकत्र जमून ख्रिस्ताला देव मानून त्याचे गीत गातात, एवढी गोष्ट त्याने चौकशीअंती नमूद केली आहे. म्हणजे या पंथाचा गाभा परक्या आणि प्रतिकूल अधिकाऱ्यालाही प्रथम कळला तो त्याच्या गायनावरून. म्हणून समकालीन ख्रिस्ती गीतांत पवित्र शास्त्राचे सत्य कितपत उतरले आहे, हा प्रश्न मला संगीताच्या आवडीनिवडीपेक्षा फार मोठा वाटतो.

ज्यांना आज समकालीन उपासनागीते म्हणतात त्यांचा उगम विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात झालेल्या तरुणांच्या धर्मजागृतीत आहे. कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपल या मंडळीच्या आश्रयाने 1971 साली ‘मारानाथा’ ही ध्वनिमुद्रण संस्था निघाली, आणि गिटारीच्या साथीवर म्हणावयाची, दोनचार ओळींची, बहुधा एखाद्या वचनावरच बेतलेली लहान गीते देशोदेशी पसरली. पुढे 1983 साली सिडनीत स्थापन झालेल्या हिलसाँग मंडळीने या गीतांना मोठ्या वाद्यवृंदाचे आणि भव्य रंगमंचाचे रूप दिले. 1988 साली गीतांच्या वापराचे परवाने मंडळ्यांना एकत्रित देणारी व्यवस्था सुरू झाली आणि कोणते गीत किती ठिकाणी गायिले जाते याचे दफ्तर प्रथमच तयार होऊ लागले. त्याचा परिणाम असा की, गेल्या काही वर्षांत जगभर सर्वाधिक गायिल्या जाणाऱ्या गीतांचा मोठा हिस्सा हिलसाँग, बेथेल, एलिव्हेशन, पॅशन अशा मोजक्या केंद्रांतूनच येतो. मुंबईपुण्याच्या इंग्रजी उपासनांत ही गीते मूळ स्वरूपात आणि मराठी मंडळ्यांत भाषांतरित अथवा अनुकृत स्वरूपात रूढ झाली आहेत, हे कोणत्याही रविवारी सहज प्रत्ययास येते.

या गीतांवर जुन्या पिढीचा नेहमीचा आक्षेप असा की, त्यांत पुनरुक्ती फार आणि ‘मी’पणा फार. हा आक्षेप मला टिकाऊ वाटत नाही. एकशेछत्तिसाव्या स्तोत्राच्या सव्वीसही ओव्या एकाच ध्रुवपदाने संपतात; आणि प्रथमपुरुषी एकवचन वर्ज्य मानावयाचे ठरले तर दाविदाच्या नावे असलेल्या स्तोत्रांपैकी निम्मी बाद करावी लागतील. नामघोषाची परंपरा ज्या भूमीत इतकी खोल रुजली आहे तेथील श्रोत्याने तरी पुनरुक्तीला दोष मानू नये. विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे: गीतकाराने ज्या वचनावर आपली रचना उभारली, त्या वचनाचा उत्तरार्ध त्याने गीतात येऊ दिला काय?

बेचाळिसाव्या स्तोत्राचे उदाहरण घ्या. पाण्यासाठी लुलपणाऱ्या हरिणीची त्यातील प्रतिमा घेऊन मार्टिन निस्ट्रम यांनी ‘अ‍ॅज द डिअर’ हे गीत रचले, आणि गेल्या चाळीस वर्षांत ते सर्व खंडांत गायिले गेले. त्याची चाल मृदू आहे, भाव निर्मळ आहे आणि त्यात असत्य असे काहीही नाही. परंतु मूळ स्तोत्रातील ती तहान देवमंदिरापासून दूर फेकल्या गेलेल्या मनुष्याची आहे. त्याचे अश्रू हेच त्याचे रात्रंदिवस अन्न झाले आहे, शत्रू ‘तुझा देव कोठे आहे’ म्हणून त्याला टोचीत आहेत, आणि देवाच्याच लाटा आपल्या मस्तकावरून गेल्या असे तो देवालाच सांगत आहे. गीतात हरिणी आली, तहान आली. अश्रू, शत्रू आणि लाटा राहून गेल्या. जी आर्त हाक होती तिची मधुर आळवणी झाली. हेच एकशेअठराव्या स्तोत्रातील चोविसाव्या ओवीचे झाले आहे: परमेश्वराने नेमलेला दिवस म्हणून आपण जे आनंदगीत प्रत्येक रविवारी स्वागतपर म्हणतो, त्याच्या दोनच ओव्या आधी बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड कोनशिला झाल्याची घोषणा आहे, आणि ज्या दिवसाचा तो आनंद आहे तो नाकारला गेलेल्याच्या विजयाचा दिवस आहे. दगड बाजूला ठेवला की उरतो तो केवळ प्रसन्न प्रातःकाल.

हा दोष नव्यांनीच केला असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. आयझॅक वॉट्स हा इंग्रजी स्तोत्ररचनेचा आद्य आचार्य. वधस्तंभाकडे पाहणाऱ्या भक्ताच्या मनाचे त्याने 1707 साली केलेले वर्णन, ज्याचा पाया गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे, आजही अजोड आहे. परंतु याच वॉट्सने 1719 साली दाविदाच्या स्तोत्रांची जी रूपांतरे प्रसिद्ध केली, त्यांत काही ठिकाणी इस्राएलाच्या जागी ब्रिटनची स्थापना करण्यास त्याने मागेपुढे पाहिले नाही. ‘इन द गार्डन’ हे 1912 सालचे लोकप्रिय गीत योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायावर, म्हणजे रिकाम्या कबरेपाशी मरिया मग्दालियेला घडलेल्या दर्शनावर आधारलेले आहे. परंतु त्यात एकांतातील सहवासाचे माधुर्य इतके व्यापून राहिले आहे की, उठलेल्या प्रभूने भावांकडे पोहोचवण्यासाठी मरियेजवळ दिलेला निरोप त्यात सापडतच नाही. जुनेपणा ही शास्त्रशुद्धतेची सनद नव्हे.

याच्या उलट, उत्तरार्ध सांभाळणारी गीते आपल्याच काळात निर्माण झाली आहेत आणि त्यांचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. मॅट रेडमन आणि त्यांच्या पत्नी बेथ यांचे ‘ब्लेसेड बी युवर नेम’ हे गीत ईयोबाच्या पहिल्या अध्यायावर उभे आहे, आणि देणारा देवच हिरावून घेणाराही आहे ही त्यातील दारुण गोष्ट गीतकारांनी सौम्य केलेली नाही. शेकडो माणसे हात उंचावून ते गातात तेव्हा त्यांतील एखाद्या विधवेला अथवा पुत्रशोकाने खचलेल्या पित्यालाही उच्चारण्याजोगे शब्द मिळालेले असतात. रेडमन यांच्याच 2011 सालच्या ‘टेन थाउजंड रीझन्स’ या गीताचा आधार एकशेतिसरे स्तोत्र. मनुष्य माती आहे, त्याचे दिवस गवतासारखे आहेत, ही त्या स्तोत्रातील जाणीव गीताच्या शेवटच्या कडव्यात, शक्ती क्षीण होऊन अंतकाळ समीप आल्याच्या वर्णनात, उतरली आहे. तथापि त्याच स्तोत्राची सहावी ओवी, जीत परमेश्वर सर्व पीडितांचा न्याय करतो असे म्हटले आहे, ती मात्र गीताबाहेर राहिली. या वगळण्याची किंमत कोणाला पडते याचा विचार पुढे करू.

उत्तरार्धाचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उपस्थित झाला तो कीथ गेटी आणि स्टुअर्ट टाउनेंड यांच्या 2001 सालच्या ‘इन क्राइस्ट अलोन’ या गीताविषयी. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चच्या नव्या गीतसंग्रहाच्या समितीला हे गीत हवे होते. परंतु वधस्तंभावर देवाच्या क्रोधाचे शमन झाले असे सांगणारी ओळ बदलून तेथे प्रीतीचा उल्लेख घालावा, अशी समितीची तजवीज होती. गीतकारांनी अनुमती नाकारली, आणि 2013 साली निघालेल्या संग्रहातून गीत वगळले गेले. समितीची भीती सर्वस्वी निराधार होती असे मी म्हणणार नाही. क्रोधाविषयी बेताल बोलणाऱ्या उपदेशकांनी पित्याला क्रूर आणि पुत्राला त्याचा बळी असे विपरीत चित्र अनेकांच्या मनात उभे केले आहे, आणि घराघरांतून मारहाण सोसलेल्या श्रोत्याला ते चित्र असह्य होते. परंतु याच गीताच्या पहिल्याच कडव्यात प्रीतीच्या उंचीचा उद्गार आलेला आहे. गीतकारांनी दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवल्या होत्या, जशा योहानाने आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील दहाव्या वचनात प्रीती आणि प्रायश्चित्त एकाच वाक्यात बांधल्या आहेत. समितीला त्या गाठीतील एक धागा काढून हवा होता. गीतकारांचा नकार मला न्याय्य वाटतो. कारण पाप देवाला खरोखर असह्य आहे हे नाहीसे झाल्यावर क्षमेलाही काही मोल चुकवावे लागले होते, हे कशाच्या आधारे सांगावयाचे?

आता विलापाकडे वळतो, कारण माझ्या मते समकालीन गीतसंपदेतील सर्वांत मोठे रितेपण तेथे आहे. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधकाराच्या उच्चाराने संपते. त्यात सांत्वनाची एकही ओवी शेवटी जोडलेली नाही, आणि तरीही इस्राएलाने ते आपल्या प्रार्थनाग्रंथात जतन केले. आजच्या गीतरचनेचा साचा मात्र असा ठरून गेला आहे की, दुसऱ्या कडव्यात दुःखाचा ओझरता निर्देश यावा, मग वाद्यांचा आवेग वाढत जाऊन विजयाच्या घोषात गीत पूर्ण व्हावे. एखादे गीत असे असण्यास हरकत नाही, कारण बाविसावे स्तोत्रही परित्यक्ताच्या आक्रोशापासून स्तुतीपर्यंत जाते. परंतु तेथे तो प्रवास एकतीस ओव्यांचा आहे आणि त्यात हाडे निखळली आहेत, जीभ टाळूला चिकटली आहे. चार मिनिटांच्या गीतात तो चढ न चढताच शिखर दाखवले की शोकाकुल मनुष्याला आपण या मेळाव्यात परके आहोत असे वाटू लागते.

मराठी ख्रिस्ती गीताच्या वाट्याला या बाबतीत फार थोर वारसा आलेला आहे. इंग्लंडातून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात साष्टी प्रांतातील रायतूर येथे 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले तेव्हा सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची संपूर्ण कथा सांगितली. वचनाचा उत्तरार्ध गाळण्याचा प्रश्नच त्या विशाल रचनेत उद्भवत नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते म्हणत. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली, तीत केवळ वारकरी संस्कार पाहणारे टीकाकार यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायातील सांत्वन करणारी आई आणि मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातील पिलांना पंखांखाली घेणारी कोंबडी विसरतात. टिळकांच्या भजनांत प्रायश्चित्ताच्या सिद्धान्तापेक्षा ख्रिस्ताशी ऐक्याचा ध्यास प्रबळ आहे हे खरे. परंतु योहानाच्या पंधराव्या अध्यायातील वेल आणि फाटे हे सत्य इतक्या आर्ततेने मराठीत दुसऱ्या कोणी गायिलेले मला ठाऊक नाही, आणि त्या आर्ततेत विरहालाही पुरेशी जागा आहे. 1919 साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ‘उपासनासंगीत’ या गीतपुस्तकात टिळकांची पदे पाश्चात्त्य गीतांच्या भाषांतरांशेजारी सुखाने नांदतात.

आज तबला आणि पेटी यांच्या जागी कीबोर्ड आणि ड्रम आले, गीतपुस्तकाच्या जागी पडद्यावरची अक्षरे आली, याबद्दल मला विषाद नाही. टिळकांनी आपल्या काळातले वाद्य आणि वृत्त घेतले, तसे आजच्या तरुणांनी आपल्या काळातले घ्यावे. मन अस्वस्थ होते ते आशयाच्या आकुंचनामुळे. आरोग्य, आशीर्वाद, विजय आणि स्तुती या चार विषयांच्या बाहेर नवी मराठी आराधनागीते क्वचितच जातात. गणना या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील याजकीय आशीर्वादावर 2020 साली रचलेले ‘द ब्लेसिंग’ हे गीत त्या रोगराईच्या वर्षी कितीतरी भाषांत गायिले गेले आणि घरात कोंडल्या गेलेल्या माणसांना त्याने धीर दिला. परंतु त्यात आलेला हजार पिढ्यांवरील कृपेचा उल्लेख निर्गमाच्या विसाव्या अध्यायात व अनुवादाच्या सातव्या अध्यायात आज्ञापालनाशी जोडलेला आहे, आणि आज्ञेचा भाग गीतात आला नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि आसपासच्या जिल्ह्यांतील मंडळ्यांचा फार मोठा भाग ज्या कुटुंबांचा आहे, त्यांच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर राहावे लागले होते आणि पाणवठ्यावर मज्जाव सोसावा लागला होता. एकशेतिसऱ्या स्तोत्राची सहावी ओवी कोणाची असेल तर ती यांची आहे. बलवंतांना आसनावरून ओढून दीनांस उंच करणाऱ्या देवाचे मरियेने गायिलेले गीत, लूकाच्या पहिल्या अध्यायातले, यांच्या मुखी प्रथम शोभावे. न्याय पाण्यासारखा वाहत नसेल तर तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, असे आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव ज्यांना बजावतो तेही गाणारेच लोक होते. आणि अंजिराला कळी नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष पावेन, असे हबक्कूक तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी म्हणतो, त्यातील रिकामा गोठा दुष्काळी तालुक्यातील ख्रिस्ती शेतकऱ्याला भाष्यावाचून समजतो. अशा मंडळीला आपण सिडनीच्या रंगमंचावर घडलेला विजयघोष तेवढा पुरवतो, याचे मला मनापासून दुःख होते.

आमच्या तरुण गीतकारांपाशी अभंग आहे, ओवी आहे, आणि हवी ती आधुनिक चाल घेण्याचे स्वातंत्र्य आहे. त्यांतील कोणी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र घ्यावे, त्याच्या पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत चालत जावे आणि शेवटी आनंदाचे कडवे जोडू नये. शुभ शुक्रवारच्या उपासनेत ते गीत म्हटले जावे, आणि रविवारच्या पहाटेची उत्तरे त्या दिवशी पाळकानेही देऊ नयेत.